दळवी मास्तरांची चार मिनिटं

दळवी मास्तर किनाऱ्यावर आले की सुरूची झाडं संपून वाळू सुरू होते तिथे चपला काढायचे. देवळाबाहेर काढतात तशा, शेजारी शेजारी, टाचा जुळवून. देऊळ मात्र कुठेच नाही. समोर रविवारचा किनारा: घोडागाड्या, शेवपुरीच्या गाड्या, फुगेवाले, एकमेकांत घुसलेले क्रिकेटचे चार डाव, आणि मधोमध आमचा हत्तीखडक, त्याच्या पाठीवर फोटो काढणारी पंधरा-वीस माणसं. मास्तर परत येईपर्यंत एक तरी चप्पल गेलेली असायची. कधी कुत्रा न्यायचा, कधी माणूस. शेवटी मास्तर घरातल्या उरल्यासुरल्या चपला घालून यायला लागले. डाव्या पायात मुलाची काळी, उजव्या पायात कुणाची तरी निळी रबरी. मी म्हटलं, मास्तर, पिशवीत घालून जवळ ठेवा की. तर म्हणाले, "देवळात पिशवीतून चपला नेता का तुम्ही?"

मी गिरीजचा वाडीवाला. केळी, अळू, फुलं. शाळा चौथीपर्यंत, त्यातही चौथी दोनदा केली, त्यामुळे ती पक्की आहे. मास्तर जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्याबद्दल कुणी लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही, कारण ज्यांना ज्यांना ते माहीत होते त्या सगळ्यांना ते दुसरेच कुणीतरी वाटत होते. तेव्हा मीच लिहितो. कुणाला चूक दिसली तर दिसू दे, मी बदलणार नाही.

माझा किनाऱ्याचा नेम पहाटेचा. डॉक्टरनं गुडघ्यांसाठी वाळूत चालायला सांगितलंय आणि मला माणसं फारशी सोसत नाहीत, दोन्ही कामं पहाटे होऊन जातात. रविवारी संध्याकाळी तिकडे फिरकायचं नाही हा माझा कायदा. पण सुनेच्या माहेरची माणसं आली, त्यांना हत्तीखडक बघायचा होता, आणि सून म्हणाली, बाबा, तुम्हीच दाखवा. खडकात दाखवायचं काय? काळा, बसलेल्या हत्तीएवढा, पुढे सोंडेसारखं टोक वाळूत टेकलेलं. भरतीला पाणी कमरेपर्यंत चढतं. लांबूनही दिसतो. पण गेलो.

तिथे एक म्हातारा बसलेला दिसला. खडकापासून दहा पावलांवर, त्या सगळ्या गोंगाटात, समुद्राकडे तोंड करून, मांडी घालून. खाकी पँट, पांढरा शर्ट, मिशा जाड. एक चेंडू येऊन त्याच्या पाठीवर आपटला. त्यानं मान न वळवता हात मागे नेला, चेंडू चाचपला आणि सरपटत परत पाठवला. पोरं 'सॉरी अंकल' म्हणाली तरी मान वळली नाही. मला वाटलं, बहिरा असणार. म्हणून मी जवळ जाऊन मोठ्यानं विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"आतापर्यंत वाटत होतं," ते म्हणाले.

अशी आमची ओळख झाली. पुढे मी दर रविवारी जायला लागलो. कायदा माझाच होता, मी मोडला.

मी त्यांना पहिली गोष्ट सांगितली ती ही की तुम्ही चुकीच्या वारी येता. शांतता पाहिजे तर मंगळवारी या, बुधवारी या, पहाटे या, किनाऱ्यावर कावळा नसतो. त्यावर त्यांनी मला त्यांचा मंगळवार सांगितला. एकदा ते खरंच मंगळवारी दुपारी आले होते. किनारा रिकामा. बसले. पाच मिनिटांत एक कोळीण टोपली घेऊन आली आणि विचारू लागली, काय हरवलंय का. ती गेली तर एक माणूस आला, कुठून आलात, एकटेच का, घरी भांडण झालं का. मग शिट्टीवाला एक पहारेकरी आला. त्यानं काही विचारलंच नाही. मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला, मुलाचा नंबर घेतला, आयुष्य किती मोलाचं असतं ते समजावलं आणि त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून थेट आचोळ्याला घरी सोडलं. सून रडली. मुलानं अर्धा दिवस रजा टाकली. शेजारणींनी आठवडाभर आळीपाळीनं चहा आणला आणि कप परत न्यायच्या निमित्तानं डोळ्यांत डोळे घालून पाहून गेल्या.

"रिकाम्या किनाऱ्यावर म्हातारा बसला की तो जीव द्यायला आला," मास्तर म्हणाले. "रविवारी तोच म्हातारा पिकनिकला आला. कुणी काही विचारत नाही. वाडीवाले, एकटं राहायचं तर गर्दीच पाहिजे."

हे मला पटलं नाही. अजून पटलेलं नाही. पण त्यांचं सगळं आयुष्य गर्दीत उभ्यानं गेलं होतं, ते लक्षात घ्यायला पाहिजे. मास्तर मूळचे कुडाळकडचे, इकडे एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर म्हणून आले ते इथलेच झाले; कंडक्टरला आमच्याकडे मास्तरच म्हणतात. त्यांची गाडी स्टेशनवरून निघायची, माणिकपूर करत वाड्यांमधून आमच्या बाजूला यायची आणि किनाऱ्याच्या अलीकडे वडाखाली वळून दहा मिनिटं थांबायची. ड्रायव्हर विडी ओढायचा. मास्तर झपाझप चालत खडकापर्यंत यायचे. जायला तीन मिनिटं, यायला तीन. उरलेली चार मिनिटं ते नुसते उभे राहायचे. दिवसात दोन फेऱ्या, म्हणजे आठ मिनिटं. बाकीच्या वेळी अंगाला माणूस चिकटलेला. घर आचोळ्याला दोन खोल्यांचं, त्यात सात माणसं, टीव्ही आणि वरच्या मजल्यावरचा तबल्याचा क्लास. निवृत्त झाल्यावर आठ मिनिटांची त्यांनी आठवड्याला चार केली. मी म्हटलं, आता कुठली गाडी सुटतेय तुमची, बसा की तासभर. पण नाही. तासभर ते आधी वाळूत बसायचे, ते वाट बघणं. सूर्य खाली टेकायला आला की उठून खडकासमोर उभे राहायचे, हात मागे बांधून, एक पाय किंचित पुढे, जणू पायाखाली गाडी हलतेय. मोजून चार मिनिटं. हात जोडायचे नाहीत, ओठ हलायचे नाहीत. मग वळायचे आणि उरलेली चप्पल घालून घरी.

मी विचारलं, कुणाला करता हे? म्हणाले, "कुणाला कशाला? एवढं मोठं पाणी आहे. समोर चपला घालून उभं राहवत नाही, बस."

त्यांचं एक पालुपद होतं: जागा असते, माणूस सरकत नाही. हे त्यांनी गाडीत इतक्यांदा म्हटलं होतं की आता ते कशालाही लावायचे. घराला, रांगेला, लग्नाच्या पंगतीला. आवाज अजून तसाच होता. एकदा कॉलेजची पोरं खडकावर चढून वाढदिवस करत होती. केक, मोठा भोंगा, नाच. भरती चढायला लागली होती आणि पोरांचं लक्ष नव्हतं. मी खालून शिव्या घातल्या, त्यांनी माझा व्हिडिओ काढला. मास्तर शांतपणे पाण्यातून गेले, विचारलं, वाढदिवस कुणाचा, त्या पोराच्या हातून केकचा तुकडा खाल्ला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग खिशातली किल्ली भोंग्याच्या लोखंडी जाळीवर दोनदा वाजवली आणि म्हणाले, "चला, शेवटचा स्टॉप. सामान विसरू नका." अख्खी वरात रांगेनं खाली उतरली. एकानं तर मागे वळून बघितलं, काही राहिलं का म्हणून.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

माझं म्हणणं एवढंच होतं की नुसतं उभं राहणं ही काही भक्ती नव्हे. ज्याच्यापुढे चपला काढता त्याला काहीतरी वाहावं लागतं. मी फुलांचा माणूस, मला हे कळतं. दोन-तीन रविवार वाद झाला. मास्तर म्हणायचे, समुद्राला काय कमी आहे? मी म्हणायचो, प्रश्न त्याच्या कमीचा नाही, तुमच्या हाताचा आहे. ते हसले. मला ते हसणं लागलं. पुढच्या रविवारी मी त्यांच्या आधी पोचलो. माझ्या वाडीत एक जास्वंद आहे, गेंददार, गडद लाल, कडेला पांढरी रेघ. सबंध गिरीजमध्ये तसली दुसरी नाही, हे मी मास्तरांना निदान दहा वेळा सांगितलेलं होतं. त्या झाडाची होती नव्हती तेवढी फुलं मी आणली आणि हत्तीच्या कानामागे खोबण आहे तिथे नीट मांडली. वाऱ्यात टिकते का म्हणून एक उदबत्तीही लावली. टिकली. मग लांब जाऊन शेवपुरी खात बसलो, जणू मी त्या गावचाच नाही.

मास्तर आले. चपला काढल्या. फुलं बघितली. वेळ झाल्यावर समोर जाऊन उभे राहिले.

आता बघा, हे एखाद्या त्रयस्थाला कसं दिसतं. खडकावर लाल फुलं, उदबत्ती, आणि समोर एक म्हातारा अनवाणी, डोळे अर्धे मिटून, आजूबाजूला जग बुडालं तरी न हलणारा. विरारहून आलेलं एक कुटुंब तिथून चाललं होतं. बाई थांबली. नवऱ्याला म्हणाली, अहो, चपला काढा. नवऱ्यानं काढल्या. मुलांनी काढल्या. त्यांच्या मागून येणाऱ्यांनी त्या चपला बघितल्या आणि आपल्याही काढल्या. मास्तर वळले तेव्हा त्यांच्यामागे अकरा माणसं हात जोडून उभी होती.

पुढच्या रविवारी दोन नारळ आणि एक लाल कापड. त्याच्या पुढच्या रविवारी सोंडेला शेंदूर. नालासोपाऱ्याचा एक जण सांगू लागला की त्याचा पोरगा बारावीला तिसऱ्या खेपेला सुटला तो इथेच नवस बोलून. कुणी म्हणे गणपती, कुणी म्हणे नाही, ही देवी आहे, हत्ती तिचं वाहन. जाळी सुकवायला आलेल्या एका कोळणीनं हे ऐकलं आणि टोपली खाली ठेवून विचारलं, "कोन देव? ह्याच्यावर आमी सुकट सुकवायचो." तिला सगळ्यांनी गप्प केलं. दोन महिन्यांत शेवपुरीवाल्यांची आणि घोडागाडीवाल्यांची मिळून कमिटी झाली, बांबू लागले, रांग लागली, आणि सुरूच्या झाडाला पाटी ठोकली: चपला येथे काढाव्यात. खाली माणूस बसवला, तो बिल्ला द्यायचा. त्या वर्षी पहिल्यांदा दळवी मास्तर दोन्ही पायांत सारख्या चपला घालून घरी गेले.

पण उभं कुठे राहायचं? चार मिनिटं सोडा, त्यांना चार सेकंद कुणी एकटं सोडेना. ज्यांनी पहिल्या दिवशी पाहिलं होतं त्यांनी इतरांना सांगितलं, हेच ते बाबा. यांनीच देव ओळखला. लोक पाया पडायला लागले. एका बाईनं मुलीची पत्रिका पुढे केली. मास्तर म्हणाले, बाई, मी कंडक्टर आहे. ती मागच्यांना म्हणाली, "ऐकलंत? कंडक्टर म्हणतात स्वतःला. सगळ्यांना पार नेणारे." मास्तर चिडले की मालवणीत जायचे. ते ओरडले, "गप रव गो बाये." तर कुणीतरी ते शब्द लिहून घेतले.

मी म्हटलं, मास्तर, वाढदिवसाची पोरं उतरवलीत तशी ही उतरवा की. दोनदा किल्ली वाजवा. त्यांनी मान हलवली. "मजा करायला आलेल्याला उतरवता येतं, वाडीवाले. हात जोडून उभा आहे त्याला कुठल्या तोंडानं सांगू?"

कमिटीनं त्यांच्यासाठी खडकाशेजारी आसन मांडलं, भगवी शाल आणली. मास्तरांनी शालीची घडी केली, आसनावर ठेवली, आणि निघून गेले. मग तीन रविवार आले नाहीत.

माझ्या घरात बायकोला सगळं माहीत होतं. जास्वंद एका दिवसात बोडकी झालेली तिनं पाहिली होती. ती म्हणाली, त्यांना जाऊन सांगा, फुलं मी ठेवली म्हणून. मी म्हटलं, का सांगू? फूल वाहणं गुन्हा आहे का? ती म्हणाली, "तुमचा हेका काय सुटायचा नाय," आणि आमटीत मीठ जास्त घातलं.

चौथ्या रविवारी मी केळीची फणी घेऊन आचोळ्याला गेलो. मास्तर गॅलरीत होते. कपडे धुण्याचं मशीन आणि नातवाची सायकल यांच्या मध्ये स्टूल टाकून बसलेले. आत टीव्ही, वर तबला. समोर दुसऱ्या इमारतीची गॅलरी, त्यात एक बाई मेथी निवडत होती आणि अधूनमधून आमच्याकडे बघत होती. इतकी वर्षं मी त्यांना किनाऱ्यावर पाहिलं होतं, तिथे ते मोठे दिसायचे. इथे त्यांचे गुडघे मशीनला लागत होते.

"येत का नाही?" मी विचारलं.

"तिथे आता सगळे मला ओळखतात," ते म्हणाले.

मी सांगायलाच गेलो होतो. शब्द तोंडात होते. पण मी म्हटलं, केळी दोन दिवसांत खा, नाहीतर काळी पडतील. आणि उठलो. वयाची सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि मला एक वाक्य बोलता आलं नाही. जिना उतरताना गुडघ्यांपेक्षा तेच जास्त दुखलं.

तरी पुढच्या रविवारी मी किनाऱ्यावर गेलो. रांग सुरूच्या झाडांपर्यंत आलेली. उगाच बघत होतो, तर रांगेत एक म्हातारा, डोक्याला नातवाची क्रिकेटची टोपी, मिशा सफाचट. मी पुढे निघून गेलो असतो. पण तो एक पाय किंचित पुढे टाकून उभा होता, जणू पायाखाली गाडी हलतेय.

मी बिल्ला घेतला आणि त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. मागचे ओरडले, मध्ये घुसू नका. मी म्हटलं, घरचे आहेत. मास्तर वळले नाहीत, पण खांदे हलले.

रांग पाच-सहा पावलं सरकली. त्यांच्या पाठीकडे बघून बोलायला सोपं जातं, हे मला तेव्हा कळलं.

"ती फुलं मी ठेवली होती, मास्तर."

"माहीत आहे."

"कसं?"

"पांढरी रेघ. सबंध गिरीजमध्ये दुसरी नाही," ते म्हणाले. "म्हटलं, स्वतः सांगाल. सहा महिने लागले तुम्हाला."

"राग नाही आला?"

"आला होता. दोन दिवस चहा सोडला. मग सुनेनं डॉक्टर बोलावला, म्हणून परत सुरू केला."

रांग सरकली. पुढे एक बाई लेकराला कडेवर घेऊन होती, लेकरू मास्तरांच्या टोपीची कड ओढत होतं, ते ओढू देत होते. मी विचारलं, आता हे काय चालवलंय? मिशा का काढल्या? तेव्हा त्यांनी मला हिशेब सांगितला. खडकासमोर कमिटीचा माणूस उभा असतो, तो अर्ध्या मिनिटात पुढे काढतो. रांगेत कुणी कुणाकडे बघत नाही, सगळ्यांचं लक्ष पुढे. दर्शन झालं की पुन्हा शेवटी येऊन उभं राहायचं.

"आठ फेऱ्या झाल्या की माझी चार मिनिटं होतात," ते म्हणाले. "जागा असते, वाडीवाले."

त्यांची पाळी आली. शेंदूर, नारळ, माझ्या जास्वंदीच्या जागी आता प्लास्टिकची माळ. मास्तरांनी त्यातलं काही बघितलं नाही. हत्तीच्या पाठीवरून पलीकडे पाणी दिसतं, तिकडे बघत उभे राहिले. हात मागे बांधलेले. कमिटीचा पोरगेला माणूस, ज्यानं त्यांना शाल द्यायला आणली होती तोच, त्यांच्या पाठीला हात लावून म्हणाला, "काका, पुढे सरका. मागे माणसं आहेत."

आयुष्यभर ज्यानं हे सांगितलं त्याला आज कुणीतरी ते सांगत होतं. मला वाटलं, आता मालवणी निघणार. मास्तर हसले, आज्ञाधारकपणे पुढे सरकले, आणि बांबूला वळसा घालून मागे निघाले.

मी एकाच फेरीत दमलो. सुरूखाली बसलो. पुन्हा भेट व्हायच्या आतच मास्तर गेले, त्यामुळे मास्तर म्हटलं की मला तेच दिसतात: सहावी फेरी, सूर्य पाण्याला टेकलेला, रांगेत पुढे फुगे घेतलेलं कुटुंब, मागे सासूची उणीदुणी काढणाऱ्या दोघी बहिणी, बाजूला घोड्याचं शेपूट, आणि मध्ये ते, नातवाच्या टोपीत, अनवाणी. कुणी त्यांना काही विचारत नव्हतं.